फणसवाडी ते शीव कोळीवाडा, घोड्याशिवाय

ह्यांच्या कचेरीतला एक साहेब विलायतेला परत निघाला आणि त्याच्या सामानाच्या लिलावातून हे एक जुनी तीनचाकी घेऊन आले. दोन्ही बाजूंना माझ्या खांद्याला लागतील एवढी दोन चाकं, पुढे एक लहान चाक, आणि मध्ये शेजारी-शेजारी दोन बैठका. दोघांनी मिळून पायडल मारायची. उजव्या बैठकीपाशी सुकाणू, म्हणून तिथे हे. डावीकडे मी. आणि आमच्या दोघांच्या मधोमध एक लोखंडी दांडा. तो पुढे ढकलला की जड चाल, सपाट रस्त्यावर सुसाट पळायला. मागे ओढला की हलकी चाल, चढ चढायला. घोडा नाही, बैल नाही, वाफ नाही! मी तर पहिल्या दिवसापासून वेडी झाले होते.

वाडीच्या चौकात आठवडाभर घिरट्या घालून झाल्या. एका सकाळी मासळी घेऊन आलेली हिराबाय कोळीण पाटी उतरवून आमची गंमत बघत उभी राहिली.

"बाय, ही गारी घेऊन ये आमच्या कोलीवाऱ्यान," ती म्हणाली. "ताजी कालवं खायला घालीन."

"शीवपर्यंत?" सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या. "भर रस्त्यातून सून नवऱ्याच्या शेजारी बसून पाय हलवत जाणार? लोक काय म्हणतील?"

हे हळूच म्हणाले, "लोक बघतील तोवर आम्ही पुढे गेलेलो असू."

ठरलं! रविवार पक्का झाला.

जाऊ इच्छिणाऱ्यांना पहिला सल्ला असा, की उजाडताच निघा. गिरगावचा रस्ता तेव्हा मोकळा असतो, भिश्त्यांनी पखालीतून नुकतंच पाणी शिंपडलेलं असल्यामुळे धूळ उडत नाही, आणि ट्रामचे घोडेही अजून पेंगत असतात. दुसरा सल्ला बायकांसाठी: नऊवारीला घाबरू नका. कासोटा घट्ट मारला की पाय मोकळे. मडमांना त्यांच्या घेरदार झग्यात हे कसं जमत असेल, देव जाणे. बरोबर दशम्या, लसणाची चटणी आणि पाण्याची सुरई घेतली होती.

भायखळ्यापर्यंत आम्ही अक्षरशः तरंगत गेलो. वाऱ्याने माझा पदर फडफडत होता आणि मला ओरडावंसं वाटत होतं. एक ट्रामवाला गाडी थांबवून आमच्याकडे बघत राहिला, आतले उतारू त्याच्यावर खेकसेपर्यंत. मग पुलाचा चढ आला. हे म्हणाले, "ओढ मागे!" मी दांडा ओढला. हलेना. दोन्ही हातांनी ओढला. खालून नुसता कुर्र असा आवाज आला, चाल जडची जडच. शेवटी उतरलो आणि ते धूड ढकलत पुलावर नेलं.

लालबागेत पोचलो तेव्हा दोघंही घामाघूम. रविवारमुळे गिरण्या बंद होत्या, धुराडी शांत होती, आणि सगळी मंडळी रस्त्यावर होती. चिंचेखाली थांबलो तर भोवती कोंडाळं जमलं.

"काय दादानू, घोडो पळालो की काय?" एकजण म्हणाला आणि बाकीचे हसले.

ह्यांचं तोंड उतरलं. "परत फिरूया," हे म्हणाले. "पुढे शीवेचा चढ आहे. तिथे हे अडलं तर रात्र होईल."

मला रडू फुटायचंच बाकी होतं. मी खाली वाकून दांड्याच्या मुळाशी बोट फिरवलं. बोटाला काळा, डिंकासारखा चिकट लगदा लागला. हा चिकटा मला ओळखीचा होता.

"अहो, ह्यात तेल कुठलं घातलं होतं?"

"खोबरेल. चांगलं मुबलक घातलं होतं."

"माझ्या शिवणयंत्रातही मी पहिल्यांदा तेच घातलं होतं," मी म्हणाले. "थोड्या दिवसांनी चाक फिरेना. तेल सुकतं, त्यात धूळ बसते, आणि सगळं चिकटून जातं. घासलेट आणा."

हे वाण्याकडून बाटलीत थोडं घासलेट घेऊन आले. दांड्यापासून मागच्या आसाकडे एक लांब सळई जाते आणि तीच आतली चाकं सरकवते. ह्यांनी किल्लीने सळई सोडवली. मी दशम्यांचं फडकं फाडून घासलेटात भिजवलं आणि खाचाखाचातून फिरवलं. जिथे बोट जाईना तिथे काडीला चिंधी गुंडाळून. काळं पाणी ठिबकायला लागलं. मी दांडा पुढे-मागे, पुढे-मागे करत राहिले. आधी इंचभर हलला, मग वीतभर, आणि मग एकदम खळ्ळकन मोकळा झाला!

पण सळई परत लावल्यावर पुन्हा अडला. आता ह्यांनी जमिनीवर आडवं होऊन खालून पाहिलं. "सळई मध्ये वाकली आहे," हे म्हणाले. "खोबणीला घासते. नुसतं तेल बिचारं काय करणार?" एका दगडावर ठेवून ह्यांनी ती हलक्या हाताने ठोकून सरळ केली. समोर एका शिंप्याचं दुकान होतं. त्याच्याकडून यंत्राच्या तेलाचे चार थेंब मागून घेतले. त्याने पैसे घेतले नाहीत, फक्त एकदा बैठकीवर बसून बघितलं.

मी दांडा ओढला. टक्! ढकलला. टक्! मघाशी हसलेल्या माणसानेच पहिली टाळी वाजवली.

म्हणून तिसरा सल्ला: खोबरेल केसांना लावा, गाडीला नको.

परळ मागे पडलं आणि शहर संपल्यासारखं झालं. दादरला माडांच्या वाड्यांतून गार वारा येत होता. तिथे शहाळी प्यायलो, दशम्या खाल्ल्या. माटुंग्याकडे कापणी झालेली भातखाचरं, बगळे, आणि रस्त्यावर आम्ही दोघंच. खडी मात्र फार, हाडं खिळखिळी होतात. बैठकीवर दुहेरी चादर घालून न्या. शीवेच्या टेकडीखालचा चढ आला. टक्. हलकी चाल. पाय भराभर फिरायला लागले आणि आम्ही गप्पा मारत वर चढलो!

कोळीवाड्यात अंगणभर जवळा वाळत घातला होता, दोऱ्यांवर बोंबील लोंबत होते. हिराबाय धावत आली. "आली गो माजी बाय! न्‌ घोऱ्याबिगर!" तिने आम्हाला चटईवर बसवलं आणि कोयत्याने कालवांचे शिंपले फोडायला घेतले. तिचा नवरा होडीवर समुद्रात होता. ती बोलत होती, हसत होती, माझ्याकडे बघत होती, आणि कोयता निसटला.

तळहाताच्या वर, मनगटापाशी, खोल गेला. क्षणभर कुणालाच कळलं नाही. मग रक्त असं आलं की शेजारणी किंचाळल्या. मी पदर फाडून हात करकचून बांधला आणि वर धरून ठेवला, तरी कापड भिजतच गेलं.

गावातल्या बैलगाड्या मासळी घेऊन बाजारात गेल्या होत्या. आगगाडीला पुष्कळ वेळ होता. दादरला रस्त्यालगतच ह्यांच्या ओळखीचे एक डॉक्टर राहत, येताना ह्यांनी मला त्यांचं घर दाखवलं होतं.

"मी नेतो," हे म्हणाले.

हिराबायने माझा हात सोडला नाही. तिचे ओठ पांढरे पडले होते. "तू चल, बाय. मना भ्या वाटतं."

बैठका दोनच. मी ह्यांच्याकडे पाहिलं.

"सुकाणू जमेल तुला?"

"जमवते," मी म्हणाले.

बायकांनी हिराबायला डाव्या बैठकीवर बसवून लुगड्याने बैठकीच्या पाठीला बांधलं, जखमी हात वर बांधला. मी उजवीकडे बसले. एकटीच्या पायांवर दोघींचं वजन. हे मागून ढकलत पळत होते. पहिल्याच वळणावर चाक गटाराच्या काठाला गेलं, आणि ह्यांनी मागून धरलं म्हणून वाचलो. मग मला कळलं की सुकाणू जोरात नाही, अलगद फिरवायचं. चढावर मी दांडा ओढला. तो क्षणात बसला. जड चालीतच अडकला असता तर ते वजन माझ्याने इंचभरही हललं नसतं.

"हिराबाय, बोलत राहा," मी ओरडले. "कालवांचं कालवण कसं करतेस सांग!"

"कांदा घालाचा..." ती पुटपुटली. "खोबरा... वाटून..." मग तिची मान कलली.

"मग? पुढे काय घालतेस?"

उतार लागला. मी दांडा पुढे ढकलला आणि जीव खाऊन पायडल मारली. हे मागे राहिले, त्यांच्या हाका ऐकू येईनाशा झाल्या. भातखाचरं, माड, गुरं, सगळं मागे पळत होतं. मी रडत होते, आणि खोटं कशाला सांगू, त्या वेगाने माझ्या अंगावर काटाही येत होता.

डॉक्टरांनी रक्तवाहिनी बांधली, टाके घातले. हे धापा टाकत पोचले तेव्हा मी ओसरीवर बसले होते, हात रक्ताने माखलेले. पुष्कळ वेळाने आतून बारीक आवाज आला, "बाय... चिंच घालाची. चिंच इसरू नको." मी हसत-रडत ह्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं, भर ओसरीवर, डॉक्टरांच्या देखत.

संध्याकाळी तिची माणसं आगगाडीने आली आणि तिला सांभाळून घेऊन गेली. आम्ही घरी निघालो. हे डाव्या बैठकीवर जाऊन बसले. मी सुकाणू धरलं.

हिराबायचा हात बरा झाला, करंगळी मात्र पुरती वळत नाही. प्रवासाने काय दिलं, असं शेजारणी विचारतात तेव्हा मी त्यांना रस्ता सांगते, शहाळी सांगते, खडी सांगते. त्या उतारावरची मी मात्र मलाच नवी होते. तिची ओळख अजून पुरती झालेली नाही.

त्या संध्याकाळी आम्ही वाडीत शिरलो तेव्हा दिवे लागले होते. सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हातातलं सुकाणू पाहिलं, फाटका पदर पाहिला, त्यावरचे डाग पाहिले. ह्यांनी घाईघाईने सगळं सांगितलं. त्या शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मग पायरी उतरून आल्या, ह्यांना म्हणाल्या, "तू ऊठ तिथून," आणि डाव्या बैठकीवर बसून त्यांनी लुगडं सावरलं.

"चल गं," त्या मला म्हणाल्या. "देवळापर्यंत जाऊन येऊ."