बॉनेटवर बसलेला मेस्त्री

डिचोलीच्या बाजारामागे एक मेस्त्री आहे. गाडीत चढण्याआधी तो चपला काढतो आणि अनवाणी तळवे पत्र्याला टेकून इंजिन ऐकतो. म्हणतो, कानाला गाडीवाल्याची बडबडही ऐकू येते, तळव्यांना नाही.

गोवा राज्य झालं त्या सुमाराला मोप्याच्या चढणीवरून काजूची पोती नेणं, यावरच माझं पोट होतं. माझी पेट्रोलची जीप तिथे दम सोडायची. मी इंजिनाचं हेड घासून घेतलं, सिलिंडरातला दाब वाढला. तेवढ्याने भागेना, म्हणून खाणीच्या भंगारातला इंजिनात हवा कोंबणारा ब्लोअर उचलला आणि या मेस्त्रीपुढे ठेवला. म्हटलं, बसव.

तो सरळ बॉनेटवर चढून बसला.

"नानानू, दोन्ही एकदम जमाचा नाय. पंपावरचा पेट्रोल इतको दाब सोसूचा नाय, पिस्टनाक भोक पडतला. एक सोडा."

"गाडी माझी की तुझी?"

"गाडी तुमची. बदनामी माझी."

उन्हं कलली तरी उतरेना. शेवटी मीच म्हटलं, "कर काय ते." त्याने हेडाखाली जाड पॅकिंग घालून दाब उतरवला, मगच ब्लोअर बसवला.

दुसऱ्या दिवशी भरल्या पोत्यांनिशी जीप न थांबता माथ्यावर गेली. तो शेजारी, तळवे पत्र्यावर.

मी म्हटलं, "दोन्ही असतं तर अजून जोरात आली असती."

"इली असती. पण खाली ढकलीत नेवची लागली असती."

मी हो म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. पण माझ्या गाडीचं बॉनेट दुसऱ्या कोणाला उघडू देत नाही.