लिहिणाऱ्याचं पान, वाचणाऱ्याचं पान

रुग्णालयाच्या कार्यालयात त्यांना सगळे फॉर्मबाई म्हणत. वीस वर्षं त्यांनी पट्टी घेऊन कागदी फॉर्म आखले आणि पन्नाशीनंतर तेच फॉर्म ईमेलमध्ये बसवायला शिकल्या. फॉर्मला कुणी नावं ठेवली की स्वतःच्या लेकराला ठेवल्यासारखी त्यांना झोंबत.

वॉर्डातून रोज सकाळी स्वयंपाकघरात जाणारा आहाराचा फॉर्म त्यांचाच. सोमवारी त्यांनी त्यात एक नवी चौकट घातली, ‘काय चालत नाही’. मंगळवारी सिस्टरांनी एका रुग्णासाठी तिथे ‘शेंगदाणे’ लिहून पाठवलं आणि खबरदारी म्हणून फोनही केला. तेव्हा उघड झालं, की स्वयंपाकघरात ती चौकट दिसतच नव्हती.

“बाई, फोन आला नसता तर?” मुख्य आचारी म्हणाला. “उद्यापासून आपली कागदाची चिठ्ठीच बरी.”

“जेवणाच्या वेळेपर्यंत थांबा,” बाई म्हणाल्या. बोल वर्मी लागला होता.

त्यांनी आपल्या टेबलावर कोरा फॉर्म उघडला. चौकट जागच्या जागी! म्हणजे खाली स्वयंपाकघरातल्या संगणकाने जुनीच प्रत साठवून ठेवली असणार. खाली जाऊन त्यांनी ती साठवण पुसली आणि सिस्टरांना फॉर्म पुन्हा पाठवायला सांगितलं. पाहतात तर पहिले पाढे पंचावन्न.

“झालं का?” आचाऱ्याने कांदा चिरता चिरता विचारलं.

“होतंय. तुमच्या भाजीलाही वेळ लागतोच की.”

“लागतो, पण ती ताटात दिसते.”

यावर बाईंनाही हसू आलं.

वाढायच्या खिडकीत एक पाटी टांगलेली असे. आतली बाजू स्वयंपाक करणाऱ्यांसाठी, बाहेरची वाढणाऱ्यांसाठी. तेवढ्यात बाहेरून एक वाढपीण ओरडली, “दादा, आज सूप नाही का? पाटीवर नाहीये!”

“डोळे उघड! सकाळीच लिहिलंय.”

“तुमच्या बाजूला लिहिलं असेल. आमच्या बाजूला कोण लिहिणार, तुमचे सासरे?”

आचाऱ्याने जीभ चावली आणि खडू शोधू लागला.

बाई खुर्चीवरून उठल्याच. ईमेलमधल्या फॉर्मलाही दोन पानं असतात, लिहिणाऱ्याचं एक आणि वाचणाऱ्याचं एक. चौकट त्यांनी पहिल्यावरच घातली होती, आणि कोरा फॉर्म उघडून तेच पान पुन्हा पुन्हा तपासत बसल्या होत्या. कागदावर आखलेली चौकट दोघांनाही दिसते. इतक्या वर्षांची ती सवय नडली.

वर जाऊन त्यांनी वाचणाऱ्याच्या पानावरही चौकट ठेवली आणि फॉर्म नव्याने सगळ्यांसाठी चालू केला. मग धापा टाकत परत खाली. सिस्टरांनी पुन्हा पाठवलेला फॉर्म आला. ‘काय चालत नाही : शेंगदाणे’.

आचाऱ्याने हात पुसून ते दोनदा वाचलं. “कुठे चुकलं होतं?”

“तुमचं पाटीवर जिथे चुकलं, तिथेच.”

“मग चिठ्ठ्या नकोत,” तो म्हणाला आणि सुपाची पहिली वाटी त्याने बाईंपुढे ठेवली.

“यात शेंगदाणे नाहीत ना?”

“फॉर्म वाचा,” आचारी म्हणाला.