पडायला शिकवणारा मेक्सिकन

माझ्या लेकीने त्या वर्षी एका मेक्सिकन माणसाला देव करून टाकलं होतं, आणि मला तो माणूस डोळ्यांसमोर नकोसा झाला होता.

नेदरलँड्समधल्या आमच्या टिलबर्गमध्ये तेव्हा करोनामुळे जवळजवळ सगळंच बंद होतं. ऑफिस घरात आलेलं, मोठ्यांचे खेळ थांबलेले. फक्त लहान मुलांना मैदानावर सरावाची परवानगी होती आणि पालकांनी कुंपणाबाहेर थांबायचं. माझ्या दहा वर्षांच्या लेकीला गोलकीपर व्हायचं होतं. तिच्या फुटबॉल क्लबात कीपरना शिकवायला हा होता. सोळाव्या वर्षी मेक्सिकोत गोलमध्ये उभा राहिला, तो चाळिशी उलटेपर्यंत तिथून हललाच नाही. मग डच बायकोच्या गावी येऊन राहिला.

ही माहिती मला रोज जेवताना मिळे. वरणभात कालवता कालवता ती सांगायची, उंचावरच्या शहरात हवा विरळ असते, म्हणून तिथे बॉल जास्त जोरात येतो. मोडलेल्या बोटाला पट्टी बांधून तो अख्खी मॅच खेळला होता. राष्ट्रीय संघात कित्येक वर्षं नुसता राखीव म्हणून बाकावर बसला, तरी सरावाला सगळ्यांच्या आधी हजर. आता पुण्यापासून इथपर्यंत मीही सॉफ्टवेअर टेस्टिंगच करत आले, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका पुढे जाण्याआधी अडवायच्या. माझी कारकीर्दही काही लहान नाही. एकदा तसं बोलून दाखवलं, तर ती म्हणाली, "येस आई, बट यू जस्ट सिट." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नवरा ताटात मान घालून हसत होता.

पण खरा जळफळाट वेगळाच होता. तो तिला पडायला शिकवत होता. ती चालायला लागल्यापासून मी "सावकाश, पडशील" म्हणत आले, आणि हा तिला आधी गुडघा, मग कंबर, मग खांदा टेकवत चिखलात आडवं व्हायला लावायचा. कोपर खरचटलं की आधी त्याला दाखवायची. मला ते कपडे धुताना कळायचं.

एका शनिवारी मी नेहमीसारखी कुंपणाबाहेर उभी होते. पाऊस पडून गेला होता आणि गोलसमोर नुसता चिखल होता. त्याने बॉल कोपऱ्यात मारला, तिने झेप घ्यायला अंग झुकवलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, पडशील!"

ती जागच्या जागी थांबली. बॉल तिच्या बाजूने जाळीत गेला.

मला आनंद झाला. अजून माझ्या आवाजाने थांबते, त्याच्या नाही, असं वाटून मी त्याच्याकडे अगदी ठसक्यात पाहिलं. तो जाळीतून बॉल काढायला गेला.

लेक कुंपणापाशी आली. एरवी ती माझ्याशी डच नाहीतर इंग्रजीच बोलायची, पण मागच्या मैत्रिणींना कळू नये म्हणून हळूच मराठीत म्हणाली, "आई, तू घरी जा ना. तू असलीस की मला पडायची भीती वाटते."

"बरं," म्हणाले आणि सायकलचं कुलूप काढायला लागले. मागे ती धप्पकन पडल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ त्याच्या टाळ्या.