रविवारची निपाणी

सिस्टर सेलिन यांची आणि माझी पहिली भेट चॅपलमध्ये झाली. मी नववीत होते. मागच्या बाकावर मदर सुपीरियर बसल्या होत्या. साऱ्या मुली निघून गेल्या तरी मी डोळे मिटून गुडघ्यांवरच होते. गुंजीहून नव्यानेच आलेल्या या तरुण सिस्टर शेजारी येऊन हळूच म्हणाल्या, “ऊठ गं. मदर केव्हाच गेल्या.”

त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या पुस्तकासाठी संपादक मंडळाने ‘एक गोड आठवण’ मागितली आहे. गोड हवं असेल तर बेळगावात मिठाईची दुकानं पुष्कळ आहेत. सिस्टरांनी आम्हाला इतिहास शिकवला. मला टायफॉइड झाला तेव्हा उशाशी बसून अख्खं पुस्तक वाचून दाखवलं. पण जन्मभर त्यांनी आम्हाला खरा विचारला तो एकच प्रश्न : हे कोणासाठी?

माझी धाकटी बहीण लीना निपाणीला असायची. पक्षाघाताने ती घरातच अडकली. मी निवृत्त झालेली. दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून बस धरायची, तिला न्हाऊ घालायची, वेणी घालायची. आणि शुक्रवारी प्रार्थना गटात त्याची साग्रसंगीत हकिगत सांगायची. बायका हळहळायच्या. मला बरं वाटायचं.

ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या एका शुक्रवारी सिस्टरांनी सगळ्यांसमोर विचारलं, “निपाणीला जातेस ते लीनासाठी. आम्हाला दर आठवड्याला ऐकवतेस ते कोणासाठी?”

दोघीतिघी हसल्या. माझं डोकं फिरलं. “देखावा वाटतो ना? मग जातच नाही!” म्हणून मी उठले, आणि खरोखरच गेले नाही. हेतू शुद्ध झाल्यावरच जायचं, असं स्वतःला बजावत मी नऊ रविवार घरी बसले. दहावा उजाडण्याआधी लीना गेली.

तिचे यजमान दत्ताप्पा मला म्हणाले, “लई वाट बघितली हो, आक्का. दर ऐतवारी म्हणायची, माझी खुर्ची दाराकडं फिरवा. मी म्हणायचो, आक्कास्नी बरं नसंल.”

सिस्टर दफनाला आल्या होत्या. त्यांना मी तिथेच बोल लावला. ‘सांगणं थांबव म्हटलं होतं, जाणं नव्हे,’ असं त्या म्हणू शकल्या असत्या, आणि ते खरंच होतं. त्या म्हणाल्या, “तुला एकटीला विचारता आलं असतं. चौघींत विचारलं, कारण मला ते हसू हवं होतं. मला माफ कर.” पुढच्या शुक्रवारी त्याच बायकांसमोर त्यांनी हे पुन्हा सांगितलं. कोणी हसलं नाही. इतकी वर्षं आम्हाला विचारलेला प्रश्न त्या स्वतःलाही विचारतात, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांना माफ करणं सोपं गेलं. स्वतःला करणं अजून जमलेलं नाही.

आता रविवारी मी पुन्हा निपाणीला जाते. थडग्यावरचं गवत काढते, दत्ताप्पांना दोन भाकऱ्या थापून देते. थोडं लीनासाठी, थोडं माझी टोचणी कमी व्हावी म्हणून. हेतू गढूळच आहे. बस मात्र चुकवत नाही.

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. पुस्तक हाती पडताच सिस्टर विचारणार, “छापायला दिलंस ते कोणासाठी?” माझ्यापाशी उत्तर नाही. ते सापडेपर्यंत, आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षं, देवाने त्यांना ठणठणीत ठेवावं. त्यांचे गुडघे शाबूत राहावेत, आणि “ऊठ गं” म्हणणारा तो आवाजही.