मायेचे दहा नियम

अंगणवाडीच्या सेविकांनी मुलांशी मायेने कसं वागावं याचं पत्रक मी लिहिलं, तेव्हा एकाही तीन वर्षांच्या मुलाचं नाक मी आयुष्यात पुसलं नव्हतं. पत्रक मात्र झकास झालं. दहा नियम! मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर बसा! आवाज मऊ ठेवा! रोज एकदा तरी जवळ घ्या! त्याआधी मी कारखान्यांच्या सांडपाण्यावर पत्रकं लिहायचे, ‘जाब द्या!’ लिहून हाताला वळण पडलेलं. त्यामुळे मायासुद्धा मी दम देऊनच मागितली.

पालघरला एका सभागृहात प्रशिक्षण झालं. दातिवरे, माकुणसार, कुठून कुठून सेविका दोन-दोन गाड्या बदलून आल्या. प्रशिक्षक मॅडमनी त्यांचं स्वागत केलं, “अकराची वेळ दिली होती ना? घड्याळ कळत नाही? मागच्या, तुम्हाला वेगळं सांगू का?” आणि त्याच दमात, ओरडल्याने मुलांच्या मनावर काय परिणाम होतो ते समजावलं. मॅडम पंख्याखाली होत्या. मी पत्रकं वाटत मान डोलवत होते.

मग नियम पाळले जातात का हे बघायला आमच्या संस्थेने मला आठवडाभर घिवलीच्या अलीकडच्या एका अंगणवाडीत पाठवलं. हातात फॉर्म: ‘जवळ घेतले: हो / नाही.’

तिथली सेविका कोळीवाड्यातली, पन्नाशीची, गुडघ्याने अधू, आवाज खाडीपलीकडे पोचणारा. मदतनिसाची जागा कित्येक महिने रिकामी. म्हणजे झाडणारी ती, शिजवणारी ती, शिकवणारी ती. शिवाय प्रत्येक मुलाचा खिचडीच्या ताटलीसकट फोटो काढून फोनमधून वर पाठवणारीही तीच. फोनला रेंज फक्त मागच्या हापशापाशी. मूल जेवलं याला फोटोचा पुरावा. भरलेलं पोट पुरावा म्हणून चालत नाही.

उंबऱ्यावर एक मुलगी बसायची. आईबाप जव्हारकडच्या डोंगरातून बांधकामावर आलेले. पोरीने एक चप्पल छातीशी धरलेली. आत येत नव्हती, खात नव्हती. सोमवारी आई सांगून गेली, “शनवारपर्यंत बसली त बसली. नायतर माझ्यासंगं कामावर.” कामावर म्हणजे उघड्या सळया, पाण्याने भरलेले खड्डे आणि फिरणारं मिक्सर.

मी लगेच प्रात्यक्षिक दाखवलं. उकिडवी बसले, डोळ्यांची पातळी साधली, मऊ हसले, दोन्ही हात पसरले. पोरीने किंकाळी फोडली आणि चप्पल माझ्या कपाळावर बसली.

“लागलं काय गो?” सेविका पळी हलवत म्हणाली. “कितवा नियम होता हा?”

पोरं खदखदून हसली. मी फॉर्मवर तीन नियमांपुढे ‘नाही’ लिहिलं आणि तणतणत म्हणाले, “ताई, तुम्ही सकाळपासून तिच्याजवळ दोन मिनिटं बसला नाहीत!”

“बराबर हाय.” तिने फोन माझ्या हातात दिला, वर पळी दिली. “फोटो तू टाक, खिचडी तू ढवळ. मी बसते.”

वीस मिनिटं. एवढाच टिकला माझा मऊ आवाज. कुणी फोटोत मान फिरवली, कुणी ताटली पालथी केली, मी हापशाकडे धावले तर इकडे खिचडी लागली. एका पोराने तिसऱ्यांदा ओढणी ओढून पाणी मागितलं आणि मी खेकसले, “गप्प बस रे! दिसत नाही काम करतेय ते?”

हुबेहूब मॅडम. पोराचा ओठ थरथरला.

“आवाज मऊ ठेव गो,” उंबऱ्याकडून आवाज आला. “तूच लिवलंस.”

मी त्याला पाणी दिलं. आणि त्याचं नाक पुसलं. आयुष्यातलं पहिलं.

सेविका तिकडे पोरीपासून दोन हात लांब, दुखरा पाय पसरून, अर्धी पाठ फिरवून बसली होती. सुपात तांदूळ निवडत होती. पोरीकडे बघतसुद्धा नव्हती. बोलत होती ती अंगणातल्या कोंबडीशी, तेही शिव्यांत. मंगळवारी पोरगी सुपाकडे बघायला लागली. बुधवारी बोट घातलं. गुरुवारी चप्पल खाली ठेवून दोन्ही हातांनी निवडायला बसली.

“अगं बयो, तांदूळ फेकतेस नि खडा ठेवतेस? तुझ्या सासूचं काय खरं नाय!”

पोरगी हसली. शुक्रवारी तिने चार घास खाल्ले, माझ्या करपट खिचडीचे.

मी मॅडमना फोन करून विचारलं, मदतनीस कधी देताय? “तो विषय वेगळा आहे. जवळ घेतानाचा फोटो पाठवा.” जवळ घेतलंच नव्हतं. फॉर्ममध्ये ती ओळ अजून ‘नाही’च आहे.

शनिवारी आई आली ती पोरीला न्यायच्या तयारीनेच. पोरगी तिचा हात सोडून आत गेली आणि सूप ओढत उंबऱ्यापाशी घेऊन आली. आई बघतच राहिली.

“काय बघतेस? जा तू कामाला,” सेविका तिच्यावर ओरडली. “हिला हितं काम हाय.”

आई गेल्यावर ती माझ्याकडे वळली. “तुझा आठवडा संपला नाय? मग सोमवारी फोन कोण धरणार?”

रात्री मी नवीन पत्रक लिहून मॅडमना पाठवलं. ‘मदतनीस द्या!’ नियम एकच. उत्तर अजून आलेलं नाही.

सोमवारी मी रजा टाकून गेले. खिचडी पुन्हा लागली.