चिलापीच्या तोंडातली अंडी

पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी मी रोज सकाळी गंगापूर रोडवरच्या घरून स्कूटर काढायचे आणि दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागेतल्या शेततळ्यावर पोचायचे. काळं प्लास्टिक अंथरलेल्या त्या तळ्यात बांबूंना बांधलेले चार जाळीचे पिंजरे होते आणि प्रत्येकात चिलापी मासे. पुस्तकात त्यांना तिलापिया म्हणतात, आमच्या बाजारात चिलापी. माझा प्रश्न साधा होता. वाइन काढल्यावर द्राक्षांचा जो चोथा उरतो, तो खाद्यात मिसळला तर मासे नेहमीइतकेच वाढतात का? दोन पिंजऱ्यांना चोथ्याचं खाद्य, उरलेल्या दोनांना नेहमीचं.

कल्पना माझ्या मार्गदर्शक सरांची. माशांची पिल्लंही त्यांनीच एका ओळखीच्या केंद्रातून आणली होती, सगळे नर आहेत असं सांगून. चिलापीच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं असतं. कळपात माद्या असल्या की त्या वितभर होण्याआधीच अंडी घालायला लागतात, तळं पिल्लांनी भरतं आणि कुणीच धड वाढत नाही. म्हणून जन्मल्यावर पहिले काही आठवडे हार्मोनचं खाद्य देऊन सगळ्यांचे नर करून घेतात.

मे महिन्यात मी वजनं केली. तीन पिंजरे ठीकठाक होते. चौथा, चोथ्याच्या खाद्याचा, पार बसला होता. मासे बोटभरच.

सरांनी वही पाहिली आणि बंद केली. "चौथा काढून टाक. जाळी फाटली, मासे निसटले, असं लिही."

"पण सर, जाळी फाटलेली नाही."

"अगं, कुणाची ना कुणाची जाळी फाटतच असते." ते हसले. "तुला डिग्री हवी आहे ना?"

मी वही उचलून बाहेर पडले. तशीच तळ्यावर गेले. तिथे मावशी होत्या. मावशी पेठ तालुक्यातल्या. घरचं भात निघालं की नवऱ्याबरोबर बागेच्या कामाला यायच्या आणि पावसाआधी गावी परतायच्या. लहानपणापासून त्यांनी गावाकडच्या धरणात मासे धरले होते, त्यामुळे दुपारच्या सुट्टीत त्या माझ्याजवळ येऊन बसायच्या आणि शेवाळलेल्या जाळ्या धुवायला आपणहून हात लावायच्या.

"चौथ्यातले खात का नाहीत, तेच कळत नाही," मी चिडून म्हणाले.

"कसं खातील? तोंडात पोरं हायेत त्यांच्या."

"मावशी, हे सगळे नर आहेत."

"कोन म्हणतं?"

त्यांनी पदर खोचला, जाळी उचलली, एक मासा मुठीत धरला आणि अंगठ्याने त्याचा खालचा जबडा दाबून घमेल्यातल्या पाण्यात धरला. तोंडातून बाजरीच्या दाण्याएवढी पिवळी अंडी भुळकन बाहेर पडली. मग दुसरा मासा. त्याच्या तोंडातून टिपक्यांसारखे डोळे दिसू लागलेली पिल्लं.

चिलापीची मादी अंडी तोंडात उबवते आणि तोवर जवळजवळ काही खात नाही, हे मी किती वेळा वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण एकाही माशाचं तोंड उघडून पाहिलं नव्हतं, कारण कागदावर सगळे नर होते. मला स्वतःचीच लाज वाटली. त्या दुपारी आम्ही उरलेले तीन पिंजरेही तपासले. प्रत्येकात माद्या निघाल्या, चौथ्याहून कमी, पण कुठे थोड्या, कुठे जास्त. म्हणजे दोन खाद्यांची तुलनाच फोल होती; एक पिंजरा नव्हे, माझं अख्खं वर्ष गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं, तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य होतं, "हे कुणाकुणाला दाखवलंस?"

"अजून कुणालाच नाही."

"मग नको दाखवूस. आणि हे सांगितलं कुणी? बागेतल्या मजूर बाईने?"

"हो सर. मला दिसलं नाही, ते त्यांना दिसलं."

"तू माझ्या विरोधात उभी राहते आहेस."

"मी माशांनी जे केलं ते लिहिते आहे," मी म्हणाले.

घरी आई म्हणाली, "लिहिलं असतंस जाळी फाटली, तर काय बिघडलं असतं?" मी तिला बागेच्या मालकांबद्दल सांगितलं. माझा निकाल चांगला आला तर आपल्या तिन्ही तळ्यांत हेच खाद्य टाकायचं, असं ते ठरवून बसले होते. माझ्या खोट्यावर त्यांनी तळी चालवायची का? त्यावर आई म्हणाली, "मग मान खाली घालून सांगू नकोस."

आढावा समितीपुढे मी तोंडातल्या अंड्यांचे फोटो लावले आणि पहिल्या हंगामाचे सगळे आकडे निरुपयोगी आहेत असं स्पष्ट सांगितलं. सर खिडकीबाहेर पाहत राहिले. समितीतल्या एका बाईंनी विचारलं, "पुन्हा पहिल्यापासून करणार?" मी म्हटलं, "करणार."

पुन्हा प्रयोग करायची परवानगी यायला दिवाळी उजाडली. मग थंडी. आमच्याकडच्या थंडीत चिलापी नीट खात नाही, त्यामुळे ऊन तापेपर्यंत हात बांधून बसावं लागलं. माझ्याबरोबरच्यांनी तोवर प्रबंध दिले. कॉलेजात एक जागा निघाली, तिथे माझं नाव पुढे गेलं नाही. का, ते मी विचारलं नाही.

फेब्रुवारी सरताना आम्ही नवे मासे एकेक करून निवडले. माशाच्या पोटाखाली शाईचा थेंब लावला की छिद्रं दिसतात. नराला दोन, मादीला तीन. मी भिंग लावून मोजत होते. मावशी नुसता मासा उलटा धरून "बाई", "बाप्या" म्हणत टोपल्यांत टाकत होत्या. पहिल्या दिवशी मी त्यांचा प्रत्येक मासा परत तपासला. दुसऱ्या दिवशी मधूनमधून. चुका माझ्याच जास्त निघाल्या.

मे संपताना निकाल आला. चोथ्याच्या खाद्यावर मासे कमीच वाढत होते. फार नाही, पण नक्की कमी. मी तसंच लिहिलं. ऋणनिर्देशात मावशींचं पूर्ण नाव आणि गाव घातलं, आणि नरमाद्या कुणी ओळखल्या ते कार्यपद्धतीच्या प्रकरणात. सरांनी मसुद्यातल्या त्या ओळीवर लाल रेघ मारली. मी ती ओळ परत टाइप केली, त्यांनी परत खोडली, मी परत टाइप केली. तिसऱ्यांदा त्यांनी रेघ मारली नाही, सही केली.

डिग्री उशिरा मिळाली. त्या कॉलेजात नोकरी मिळाली नाही ती नाहीच. आता मी दुसरीकडे अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते आणि सुट्टीत मावशींच्या गावच्या धरणावर जाते. तिथे बायकांच्या गटाने पिंजरे टाकले आहेत. मासे निवडायला मावशी शिकवतात, मी नोंदी ठेवते. परवा पाहणीला आलेल्या एका साहेबांनी विचारलं, "इथल्या तज्ज्ञ कोण?"

मावशी कमरेइतक्या पाण्यात उभ्या होत्या. मागे वळूनही न बघता त्या म्हणाल्या, "मी. बोला."