हाताच्या मापाची गिटार

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे गृहस्थ आयुष्यभर दुसऱ्यांचे दात करत आले. ते दंतवैद्य नव्हेत. दंतवैद्य माणसाच्या तोंडात बघतो, हे मागच्या खोलीत बसून प्लास्टरच्या साच्यात बघतात. दवाखान्यांतून साचे येतात, यांच्याकडून कवळ्या जातात. कवळी ज्याच्या तोंडात बसणार तो माणूस यांनी बहुधा कधी पाहिलेलाच नसतो. तरीही रस्त्यात एखादा अनोळखी म्हातारा मोकळेपणाने हसला की ते थबकतात आणि पुटपुटतात, "वरची माझी आहे." इमारतीत सगळे त्यांना कवळीकाका म्हणतात. हे त्यांना आवडतं का, असं विचारायची वेळ केव्हाच निघून गेली.

त्यांच्या पत्नी गिटार शिकवायच्या. नायलॉनच्या तारांची, मांडीवर घेऊन बोटांनी वाजवायची ती गिटार. शिष्य त्यांना बाई म्हणत, म्हणून आम्हीही बाईच म्हणायला लागलो. त्या वर, आम्ही खाली आणि मध्ये एक पातळ स्लॅब, त्यामुळे आमच्या घराण्यात कुणी वाद्याला हात लावलेला नसूनही आमचं संगीताचं शिक्षण बरंच झालं. आमच्या हिचा त्यावर साधा इलाज होता. वर शिकवणी सुरू झाली की खाली रेडिओ सुरू.

बाईंचे सर्वांत निष्ठावान शिष्य म्हणजे कोपऱ्यावरचे औषधवाले. गृहस्थ पन्नाशीचे. दुपारी दुकान मिटलं की यायचे आणि एकच धून वाजवायचे. तिसऱ्या ओळीत एका ठरलेल्या जागी अडखळायचे. ती जागा आम्हाला इतकी पाठ झाली होती, की ते चुकायच्या आधीच आमच्या हिच्या कपाळाला आठी पडायची.

मग बाईंच्या डाव्या हाताला संधिवाताने धरलं. गिटारीत राबतो डावा हात आणि कौतुक होतं उजव्याचं. बोटं ताणायची डाव्याने, तार दाबायची डाव्याने, गिटारीच्या लांब मानेवरून वरखाली धावायचंही त्यानेच. आधी बाईंनी वाजवणं कमी केलं, मग नुसतं तोंडी शिकवून पाहिलं. "पोहायला काठावरून शिकवता येत नाही," असं म्हणून शेवटी त्यांनी शिष्यांना निरोप दिला आणि गिटार खोक्यात घालून कपाटावर चढवली. औषधवाले रडवेले झाले. घरी जाताना आमच्या दाराशी थांबून म्हणाले, "आता कुठे येत होतं हो."

आम्हाला वाटलं, चला, शांतता मिळाली. मिळालीही. पण ती अंगावर येणारी शांतता होती. वर बाई या खोलीतून त्या खोलीत जायच्या, थांबायच्या, परत यायच्या. ते ऐकू येऊ नये म्हणूनही ही रेडिओ लावायला लागली.

त्यानंतर एकदा कवळीकाका जिन्यात भेटले. काखेत एक जाडजूड पुस्तक.

"गिटार करतोय," ते म्हणाले.

"विकत मिळतात की."

"मिळतात. मोठी घेतली तर हात पुरत नाही, छोटी घेतली तर डब्यासारखी वाजते. आणि दुकानातली वस्तू कुणाच्याही हाताची असते हो. तयार कवळी मिळते का कुठे?"

त्यांचा हिशोब असा होता, की तारांची लांबी कमी ठेवायची, म्हणजे मानेवरचे पडदे, त्या आडव्या धातूच्या पट्ट्या, जवळजवळ येतील आणि बोटं कमी ताणावी लागतील. बाईंनी पुन्हा वाजवावं, एवढीच त्यांची मागणी होती. त्यांना स्वतःला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण बायको ज्या घरात वाजवत नाही त्या घरात बसून दुसऱ्यांचे दात करणं त्यांना जमेना.

लाकूड आणायला ते मला सोबत घेऊन गेले. वखारीत देवदाराची एकेक फळी कानाशी धरून ते बोटाच्या पेराने ठोठावत होते. वखारवाला बराच वेळ बघत राहिला. शेवटी म्हणाला, "आत कुणी नाहीये हो."

"हीच द्या," काका म्हणाले, "पण चिरून पातळ करा. वहीच्या पुठ्ठ्याइतकी."

"एवढीशी? काय बसवणार आहात तिच्यावर?"

"माझा संसार," कवळीकाका म्हणाले. ते विनोद करत नव्हते.

पुढचं वर्षभर वरून नवे आवाज आले. कानस, रंधा, खरवडणं, आणि अधूनमधून काहीतरी मोडल्यानंतरची ती विशिष्ट शांतता. कडेच्या अक्रोडाच्या पट्ट्या भिजवून, तापलेल्या नळीवर दाबून वाकवायच्या असतात. पहिली मोडली, दुसरी जळली, तिसरी वाकली ती भलत्याच बाजूला. दातांचं मेण कोरायच्या सुऱ्यांनी त्यांनी आतल्या आधाराच्या बारीक काड्या तासल्या. त्या कामात मात्र त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. सरस सुकेपर्यंत पट्ट्यांना आतून चिकटवलेल्या किनारी धरून ठेवायला चिमटे हवे होते. तेव्हा इमारतीतल्या दोऱ्यांवरचे कपड्यांचे चिमटे नाहीसे होऊ लागले. आमची एक चादर उडून समोरच्या झाडावर गेली. ही जाब विचारायला वर गेली आणि उरलेसुरले चिमटेही त्यांना देऊन आली. "बाई बघायलासुद्धा येत नाहीत त्या खोलीत," ती म्हणाली. "दारातून विचारतात, जेवायचं का म्हणून. घाबरल्यात."

शेवटी मान घडवायची वेळ आली आणि कवळीकाकांना त्यांच्या मते आयुष्यातली सर्वोत्तम कल्पना सुचली. त्यांनी बाईंचा डावा हात, दातांचा ठसा घेतात त्या गुलाबी लगद्यात बुडवला. बोटं गिटार धरल्यासारखी वाकवलेली. त्यात प्लास्टर ओतून हुबेहूब हात केला आणि फळीवर, दातांच्या रांगेत, उभा केला. पाणी मागायला आलेला एक प्लंबर तो पाहून पाणी न पिताच गेला.

त्या प्लास्टरच्या हातावर त्यांनी मान बेतली. घासायची, हातात घालून बघायची, पुन्हा घासायची. अंगठा टेकतो तिथे चिमुकला खळगा, तळवा येतो तिथे अंमळ उतार. कागदाचा कपटा सरकणार नाही इतकी ती त्या हातात बसली.

पॉलिश चढवण्याआधी कच्च्या गिटारीला तारा लावून वाजवून पाहायचं असतं. त्या दिवशी आम्हा दोघांना वर बोलावणं आलं. बाईंनी गिटार मांडीवर घेतली. डावा हात मानेवर गेला आणि त्यांचा चेहराच बदलला.

"अगं बाई! बसला की हो हात!"

त्यांनी पहिला स्वरमेळ छेडला. कवळीकाका भिंतीकडे बघत उभे होते. दुसरा. तिसरा. मग हात मानेवरून पुढे सरकायची वेळ आली आणि अंगठा खळग्यातून निघेना. ओढून काढला तर पुढे उंचवट्यावर चढला, बोटं तिरपी पडली, बाईंनी ओठ आवळले. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. मग त्यांनी गिटार हळूच खाली ठेवली.

"अहो," त्या म्हणाल्या, "दात जिथे असतात तिथेच चावतात. हाताला फिरायचं असतं."

फळीवरच्या कवळ्या तेवढ्या हसत होत्या.

"आता?" कवळीकाका म्हणाले.

"आता काय! ठेवा कपाटावर, जुनीशेजारी. दोघी गप्पा मारतील."

हे बोलून बाई स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथे नळ बराच वेळ चालू राहिला.

दुसऱ्या दिवशी काका आमच्याकडे येऊन बसले. खळगा भरला तर मान पुन्हा जाड होणार, बाईंच्या मुठीत मावणार नाही. उरलेली मान खळग्याच्या तळापर्यंत उतरवली तर पुस्तकात सांगितलंय त्याहून पातळ होणार, तारांच्या ओढीने वाकणार, आणि वर्षाची मेहनत पाण्यात. "पुस्तकात साफ नाही म्हटलंय," ते म्हणाले.

"पुस्तक लिहिणाऱ्याच्या बायकोचे हात दुखत असतील का हो?" आमच्या हिने चहा ठेवत विचारलं.

कवळीकाकांनी चहा अर्धा टाकला आणि वर गेले.

यानंतर जे झालं ते आम्ही पुढचे काही दिवस येताजाता पाहिलं, कारण त्यांनी दार उघडंच ठेवलं होतं. आयुष्यभर गिऱ्हाइकाचं तोंड न पाहता काम केलेल्या या माणसाने पहिल्यांदा गिऱ्हाईक समोर बसवलं. प्लास्टरचा हात फळीवरून उतरवून कोपऱ्यात तोंड फिरवून ठेवला. बाई खुर्चीवर, मांडीवर गिटार. त्या डोळे मिटून मानेवरून हात फिरवायच्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"इथे."

काका चार हात कानस मारायचे.

"अजून."

"अगं, मोडेल."

"मोडली तर मोडली. इथे अजून."

सकाळी बोटं आखडलेली असायची, तेव्हा बाई वेगळं सांगायच्या. दुपारी मोकळी झाली की वेगळं. काका दोन्ही ऐकायचे. एवढा वेळ ती दोघं एका खोलीत बसल्याचं आम्हाला आठवत नव्हतं. भांडायचीही छान.

सैल ओढीच्या तारा आणून त्या लावल्या. मानेवर पोलादी पट्टी ठेवून कवळीकाका रोज सकाळी, दात घासायच्या आधी, फट बघायचे. मान केसभर वाकली आणि थांबली. तेवढं वाकणं पुस्तकालाही मंजूर होतं. त्यांनी मला वर बोलावून ती फट दाखवली. मला काही दिसलं नाही, पण त्यांचा चेहरा दिसला, म्हणून मी "वा!" म्हणालो.

बाई वाजवायला बसल्या. थोडं वाजवायच्या, हात मांडीवर ठेवून थांबायच्या, पुन्हा घ्यायच्या. काही जागा त्यांनी सोडून दिल्या, काही सोप्या करून घेतल्या. हात मात्र फिरला. मानेच्या शेवटापर्यंत गेला आणि परत आला. त्यांनी गिटार थांबवली, मानेच्या मागून एकदा अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "मान चांगली झालीय. आवाज जरा बोबडा आहे."

"सुटेल," कवळीकाका म्हणाले. "नव्या कवळीतही माणूस आधी बोबडंच बोलतो."

आणि दोघं इतकी हसली, की बाईंना डोळे पुसावे लागले. काकांनी ते पाहिलं आणि घाईघाईने चपड्याच्या पॉलिशची बाटली शोधायला गेले. बाटली समोरच होती.

गिटारीच्या आत करणाऱ्याचं नाव चिकटवायची रीत असते म्हणतात. यांनी चिकटवलं नाही. कवळीवर कुणी सही करतं का, असं त्यांचं म्हणणं. चिमटे त्यांनी मोजून परत केले, प्रत्येकावर सरसाचा डाग. आमच्या कपड्यांवर आता त्याची बारीक पिवळी खूण उमटते. ही ते चिमटे बदलत नाही.

औषधवाले परत आले ते ऐन दुपारी, दुकानाचं शटर पुरतं न ओढता. वर खुर्ची सरकली. खाली आमच्या हिने सवयीने रेडिओला हात घातला, आणि चालू असलेला रेडिओ बंद केला. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. तिसऱ्या ओळीत औषधवाले आले आणि नेहमीच्या जागी अडखळले.

"झालं," ही म्हणाली आणि सुखाने पाय पसरून खुर्चीत मागे टेकली. "आता बाई घेतील बघा."

वर क्षणभर कुणीच वाजवलं नाही. मग ती ओळ बाईंच्या हातून आली, सावकाश, जरा बोबडी, आणि अडखळायची जागा ओलांडून पुढे गेली.